खाटेजवळचे एक मिनिट

रुग्णालयातील कोणत्याही वॉर्डात खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला नोंदींचा कागद पाहावा. ताप ९९, १०१, १००.४ असा वरखाली झालेला असतो. नाडी ८८, ९६, ११० अशी बदललेली असते. रक्तदाबाचे आकडेही वेगवेगळे. श्वासाच्या रकान्यात मात्र सकाळी २०, दुपारी २० आणि रात्रीही २०. शेजारच्या खाटेवरच्या कागदावरही २०. एकाला न्यूमोनिया, दुसऱ्याचे हर्नियाचे ऑपरेशन झालेले, तिसऱ्याचे हृदय थकलेले. पण श्वास सगळ्यांचा एकाच चालीने चालतो, असे हा कागद सांगतो. माणसाचे शरीर असे वागत नाही. तापाला थर्मामीटर आहे, रक्तदाबाला यंत्र आहे, ऑक्सिजनला बोटावर लावायचा चिमटा आहे. श्वास मोजायला मात्र माणूस लागतो आणि त्याचे पूर्ण एक मिनिट लागते. ते मिनिट कुणाकडे नसते, म्हणून तिथे २० हा आकडा येऊन बसतो.

हा दोष एका रुग्णालयाचा किंवा एका राज्याचा नाही. ऑस्ट्रेलियातील एका वैद्यकीय नियतकालिकाने २००८ साली छापलेल्या लेखाचे शीर्षकच ‘श्वासाची गती : दुर्लक्षित खूण’ अशा अर्थाचे होते. संपन्न देशांतही हा रकाना अंदाजाने भरला जातो किंवा कोरा राहतो. पण जिथे अतिदक्षता विभागातील खाटा मोजक्या, मॉनिटर त्याहून मोजके आणि रुग्ण आधीच उशिरा पोहोचलेला, तिथे या दुर्लक्षाची किंमत अधिक असते. वॉर्डातला रुग्ण ‘अचानक गेला’ असे नातेवाइकांना सांगितले जाते. त्यातले खरोखर अचानक झालेले मृत्यू थोडे. उरलेल्या अनेकांचा श्वास आधीचे कित्येक तास वाढत गेलेला असतो. तो कुणी मोजलेला नसतो, इतकेच.

श्वास किती वेगाने घ्यायचा हे मेंदूच्या देठातील केंद्रे ठरवतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला, आम्ल वाढले किंवा ऑक्सिजन घटला की ती केंद्रे वेग वाढवतात. त्यामुळे न्यूमोनिया असो, फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी असो की रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असो, रक्तदाब कोसळण्याच्या पुष्कळ आधी श्वास बदलतो. निरोगी प्रौढ माणूस विश्रांती घेताना मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली रुग्ण बिघडत चालल्याचे ओळखण्यासाठी एक गुणतक्ता केला आणि २०१७ साली तो सुधारला. त्यात श्वास २५ किंवा अधिक असेल तर एकदम तीन गुण, म्हणजे त्या रकान्यातले सर्वाधिक. आठ किंवा त्याहून कमी असेल तरीही तीनच. एवढ्या एका आकड्यावर डॉक्टरने तातडीने खाटेजवळ यावे, असा त्याचा अर्थ. न्यूमोनियाच्या रुग्णाला घरी औषध द्यायचे की दाखल करून घ्यायचे, हे ठरवणाऱ्या प्रसिद्ध पाच निकषांतही मिनिटाला ३० श्वास हा एक निकष आहे. ज्या आकड्यावर एवढे निर्णय उभे आहेत, तो अंदाजाने लिहिला जाणे हे निव्वळ कागदोपत्री आळसाचे प्रकरण उरत नाही.

यावर नेहमीचे उत्तर असते : ‘ऑक्सिजन तर ९६ आहे.’ करोनाच्या साथीने बोटावरचा ऑक्सिमीटर घराघरांत नेला आणि त्याने असंख्य जीव वाचवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात सहा मिनिटे चालून पुन्हा ऑक्सिजन पाहण्याची साधी चाचणी त्या काळात सामान्य माणसाच्याही तोंडी बसली. पण हे यंत्र काय सांगते आणि काय सांगत नाही, हे मात्र फारसे कुणी सांगितले नाही. ऑक्सिमीटर परिणाम दाखवतो, त्यासाठी चाललेले कष्ट दाखवत नाही. मिनिटाला १६ श्वास घेऊन ९६ राखणारा आणि ३४ श्वास घेऊन ९६ राखणारा, दोघांच्या बोटावर आकडा एकच दिसतो. घाट चढणारी बैलगाडी अजून पुढे सरकते आहे, एवढ्यावरून बैल दमलेले नाहीत असे म्हणता येत नाही. शिवाय रक्तातील ऑक्सिजन घटत असताना हा आकडा बराच वेळ फारसा हलत नाही. नव्वदच्या आसपास आल्यावर मात्र भराभर घसरतो. तोवर हातातला वेळ निघून गेलेला असतो.

यंत्राच्या आणखीही मर्यादा आहेत. जपानमधील अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात या यंत्रामागचे तत्त्व शोधले. बोटातून प्रकाश पाठवून रक्ताच्या रंगावरून ऑक्सिजन ओळखायचा, असे ते तत्त्व. प्रकाशाच्या वाटेत जे येईल ते मापात शिरते. नखाला गडद रंग लावलेला असेल, हात गार पडले असतील किंवा रक्तदाब उतरला असेल तर आकडा फसवू शकतो. त्वचेचा रंगही त्यात येतो. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, यंत्र ठीकठाक आकडा दाखवत असताना धमनीतील ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट आढळले. सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या देशात हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा तर या यंत्राला चक्क चकवते. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर किंवा थंडीत बंद खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडी यांमुळे बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या बोटावर ९८ दिसू शकते, कारण त्या वायूने रंगवलेले रक्त यंत्राला ऑक्सिजनने भरलेले वाटते. आणि मास्कमधून मिनिटाला दहा लिटर ऑक्सिजन चालू असताना दिसणारे ९६ हे साध्या हवेतले ९६ नव्हे. तरीही केसपेपरवर आकडा लिहिला जातो आणि ऑक्सिजन किती चालू होता, ते राहून जाते.

मग खाटेजवळ पाहायचे काय? पाहणे रुग्णाला हात लावण्याआधीच सुरू होते. तो झोपला आहे, की उठून पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसला आहे? नाव काय, गाव कोणते, बरोबर कोण आले आहे, या तीन प्रश्नांना तो एका दमात उत्तर देतो, की शब्दाशब्दाला थांबतो? दम्याच्या झटक्यात वाक्य एका श्वासात पूर्ण न होणे, श्वास २५ च्या वर जाणे आणि नाडी ११० च्या वर जाणे ही तीव्र झटक्याची लक्षणे मानली जातात. ती ओळखायला वीजही लागत नाही. मानेचे स्नायू दर श्वासाला ताणले जातात का? बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते का? ओठ चंबूसारखे करून तो श्वास सोडतो आहे का? श्वास घेताना पोट वर येण्याऐवजी आत जात असेल, तर श्वासाचा पडदा थकला आहे. छातीची एकच बाजू हलत असेल, श्वासनलिका मानेत एका बाजूला सरकली असेल, न हलणाऱ्या बाजूवर बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल आणि रुग्ण डोळ्यांदेखत ढासळत असेल, तर फुप्फुसाबाहेर हवा कोंडली आहे. अशा वेळी एक्स-रेची वाट पाहणे धोक्याचे. आधी सुई घालून हवा सोडायची, चित्र नंतर काढायचे.

ठोकून पाहण्याची ही रीत व्हिएन्नातील लेओपोल्ड आउएनब्रुगर याने १७६१ साली मांडली. तो खानावळवाल्याचा मुलगा. पिंप किती भरले आहे हे वरून ठोकून ओळखतात, हे त्याला लहानपणापासून माहीत होते. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेकने कागदाची गुंडाळी छातीला लावली आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. इतक्या जुन्या या युक्त्या आजही टिकून आहेत, कारण त्या तत्क्षणी उत्तर देतात आणि तासाभराने पुन्हा करता येतात.

यात एक सापळा आहे आणि तो अनुभवी माणसालाही पकडतो. काल ३६ असलेला श्वास आज १४ झाला, छातीतली घरघर थांबली, रुग्ण शांत झोपला. नातेवाइकांना हायसे वाटते. पण त्याला हाक मारून पाहावी. डोळे उघडून तो नीट बोलला, तर आराम खरा. हाकेला नुसता हुंकार आला, तर तो दमून हरत चालला आहे. दम्यात छातीतून आवाजच येईनासा झाला तर हवा आत जाणे जवळपास थांबले आहे, असे समजायचे. चुलीच्या धुराने किंवा विडीने फुप्फुसे निकामी झालेल्या जुन्या रुग्णात सढळ हाताने दिलेला ऑक्सिजनही अशी गुंगी आणू शकतो. म्हणून त्यांच्यासाठी ८८ ते ९२ एवढेच लक्ष्य ठेवतात. अशा रुग्णाचे पसरलेले हात फडफडत असतील, तळवे गरम असतील आणि तो पेंगत असेल, तर त्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आहे. बोटावरचा आकडा त्या क्षणी अगदी छान असतो.

श्वास वाढला म्हणजे दोष फुप्फुसातच असेल, असेही नाही. मधुमेहात आम्ल वाढलेला रुग्ण खोल आणि जलद श्वास घेतो. त्याची छाती मात्र स्वच्छ असते. मण्यार चावलेल्या माणसाच्या पापण्या जड होतात, मान उचलता येत नाही, आणि एका श्वासात तो किती अंक मोजू शकतो हे दर थोड्या वेळाने पाहिले की श्वसनाचे स्नायू कधी हात टेकणार याचा अंदाज येतो. विंचवाच्या दंशाचे तर कोकणात घडलेले उदाहरण आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात काम करताना दंश झालेल्या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांचे घाम, थंड पडणारे हातपाय, चढणारा रक्तदाब आणि मग फुप्फुसात भरणारे पाणी हा क्रम नोंदवला. त्यातून प्राझोसिन या औषधाचा उपयोग पुढे आला आणि तो जगाने स्वीकारला. हे संशोधन खाटेजवळ बसून केलेल्या निरीक्षणातून आले.

महाराष्ट्राला याहून थेट धडा गडचिरोलीने दिला आहे. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला स्टेथोस्कोप किंवा एक्स-रे लागत नाही, श्वास मोजला तरी पुरते, हे जगात १९८० च्या दशकात पुढे आले. जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सोपे आहेत. खोकला किंवा श्वासाचा त्रास असलेले बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान असेल तर मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाचे असेल तर ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांचे असेल तर ४० किंवा अधिक श्वास म्हणजे धोका. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हे काम गावातल्या आरोग्यसेवकांच्या आणि दायांच्या हाती दिले. ज्यांना दहाच्या पुढे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मणी असलेले साधन केले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवायची वेळ आली, तर न्यूमोनिया समजून औषध द्यायचे. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. हा कार्यक्रम राबवलेल्या गावांत बालकांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू, तो न राबवलेल्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी होते. पुढे घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचे गडचिरोलीचे प्रारूप देशाने २०११ पासून स्वीकारले. तेव्हापासून आशा कार्यकर्तीच्या पिशवीत वजनकाट्याबरोबर वेळ मोजायचे घड्याळही असते. बाळाचा श्वास ती पूर्ण एक मिनिट मोजते, आणि ६० किंवा अधिक आला तर पुन्हा मोजते.

आता विरोधाभास पाहा. दुर्गम पाड्यावरची आशा मांडी घालून बसते, बाळाचे कपडे वर करते, घड्याळ लावते आणि मोजते. त्याच बाळाला ती १०८ च्या गाडीने पाठवते. वाटेतल्या दवाखान्यात, मग तालुक्याच्या आणि मग शहराच्या रुग्णालयात त्याची नोंद होते, आणि जसजशी पदवी मोठी होत जाते तसतसा तो आकडा कागदावरून पुसट होत जातो. शेवटी सीटी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणी तो मोजलेला असेलच, याची खात्री देता येत नाही. २०२१ च्या लाटेत याचे मोठ्या प्रमाणावर दर्शन झाले. ‘पंचवीसपैकी स्कोअर किती?’ हा प्रश्न घरोघरी विचारला गेला. स्कॅनच्या रांगेत धापा टाकत उभे राहिलेल्या माणसाला मिनिटाला किती श्वास लागतात, हे मात्र कुणी विचारले नाही. त्याला ऑक्सिजनची गरज आहे की घरी विश्रांतीची, हे सांगण्याची अधिक ताकद दुसऱ्या प्रश्नात होती.

याचा सगळा दोष परिचारिकांच्या माथी मारणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. रात्रपाळीला एका सिस्टरच्या वाट्याला अख्खा वॉर्ड येतो. चाळीस रुग्णांचा श्वास एकेक मिनिट मोजायचा तर चाळीस मिनिटे नुसती त्यातच जातात. इंजेक्शने, सलाइन, नव्या भरत्या आणि नातेवाइकांचे प्रश्न वेगळेच. भरती रखडलेली ठेवायची आणि कागद मात्र पूर्ण भरलेला हवा म्हणायचे, तर कागद भरला जातो. रुग्ण पाहिला जात नाही. डॉक्टरांच्या शिक्षणातही हेच घडले आहे. पदव्युत्तर प्रवेश बहुपर्यायी प्रश्नांवर ठरतो. खाटेजवळ घालवलेल्या तासाला त्यात गुण नाहीत, म्हणून इंटर्नचा जीव वॉर्डापेक्षा अभ्यासिकेत अडकलेला असतो. २०१९ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात कौशल्यांवर भर आहे, पण ती कौशल्ये तपासणारे शिक्षक राऊंडवर थांबले तरच त्याला अर्थ.

करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे बिनखर्चाचे आहे. प्रत्येकाचा श्वास दर चार तासांनी मोजण्याचा हुकूम काढून काही होणार नाही. पण दाखल होणारा प्रत्येक रुग्ण, धाप किंवा ताप असलेला प्रत्येक रुग्ण, ऑपरेशननंतरचा पहिला दिवस आणि दुसरीकडे पाठवण्याआधीचा क्षण, एवढ्या ठिकाणी पूर्ण साठ सेकंद मोजणे सक्तीचे करता येईल. रकान्यात आकड्याबरोबर वेळ, मोजणाऱ्याची सही आणि ऑक्सिजन किती लिटर चालू आहे, हे लिहिता येईल. श्वास २५ च्या वर गेला तर निवासी डॉक्टरला बोलावण्याचा अधिकार सिस्टरला असावा आणि तो वापरल्याबद्दल तिला बोलणी बसू नयेत. परीक्षेत विद्यार्थ्याने रुग्णाचा श्वास मोजला की नाही यावर उत्तीर्ण होणे अवलंबून ठेवले, तर एका वर्षात सवय लागेल. आणि सगळ्यात आधी, मोठ्या डॉक्टरांनी राऊंडवर २० हा आकडा वाचून पुढे जाण्याऐवजी तिथेच उभे राहून एकदा मोजून दाखवावा. वरिष्ठ ज्याकडे पाहतात, त्याकडेच वॉर्ड पाहतो.

घरच्यांनाही हे जमण्यासारखे आहे. रुग्ण शांत बसलेला किंवा झोपलेला असताना, त्याला न सांगता, छाती किंवा पोट किती वेळा वर येते ते पूर्ण मिनिटभर मोजावे. श्वास मोजला जातोय हे कळले की माणूस वेगळा श्वास घेऊ लागतो. म्हणूनच जाणकार डॉक्टर नाडी पाहत असल्यासारखा मनगट धरून श्वास मोजतो. बाळ रडत असेल किंवा दूध पीत असेल तर थांबावे. नाकपुड्या फुलणे, छाती आत ओढली जाणे, कण्हल्यासारखा आवाज, ओठ निळसर होणे, बाळाने दूध सोडणे, मोठ्या माणसाने वाक्य अर्धवट तोडणे किंवा विनाकारण पेंगणे, यातले एकही दिसले तर ऑक्सिमीटरचा आकडा चांगला असला तरी रुग्णालय गाठावे. आणि तिथे पोहोचल्यावर, ‘श्वास किती आहे, कधी मोजला?’ असे नम्रपणे विचारावे. तो प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक नातेवाइकाला आहे.

यंत्रे हवीतच. ती जिल्हा रुग्णालयांत, ग्रामीण रुग्णालयांत, रुग्णवाहिकेत अधिक हवीत, त्यासाठी भांडायलाही हवे. पण नवे यंत्र येईल, त्याचे उद्घाटन होईल, मग ते बंद पडेल आणि दुरुस्तीचा कागद मंत्रालयात फिरत राहील, तेवढ्या काळातही रुग्ण श्वास घेतच असतो. तो मोजायला लागणारे घड्याळ प्रत्येकाच्या मनगटावर किंवा खिशात आहे. उद्या सकाळच्या राऊंडला श्वासाच्या रकान्यात २२, ३१, १८, २६ असे विसंगत आकडे दिसू लागले, तर समजावे की वॉर्डात रुग्णाकडे पाहणे सुरू झाले आहे.